गुरुवारची रात्र कुठे गेली?

वाचकांचे कायदेशीर प्रश्न

प्रश्न : नमस्कार वकीलताई. माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे, छोटा हत्ती चालवतो, खताची आणि भाजीपाल्याची भाडी मारतो. आमच्या शिवारात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्यात. एका गुरुवारी रात्री साडेदहाला साध्या कपड्यातले दोन पोलीस घरी आले. ‘साहेबांनी बोलावलंय, चौकशी करून लगेच सोडतो’ म्हणाले. भाऊ जेवत होता, हात धुतले आणि तसाच गेला. मी मागोमाग मोटारसायकलवर ठाण्यात पोचलो तर ‘सकाळी या’. सकाळी गेलो तर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. शुक्रवारी रात्री आठला फोन आला की अटक केलीय. शनिवारी दुपारी एकला कोर्टात उभं केलं आणि तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. आता तो जामिनावर सुटलाय. वकिलांनी कागद काढले तर त्यात अटकेची वेळ शुक्रवार, संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटं अशी आहे. ताई, मग गुरुवारची रात्र कुठे गेली? त्याच्याकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्याही घेतल्यात.
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचा शेवटचा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून घेतला. सव्वीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करतेय, पण इतक्या थोडक्यात हे दुखणं मलाही कधी मांडता आलं नव्हतं.

माझे वडील पोलीस खात्यातून ठाणे अंमलदार म्हणून निवृत्त झाले. मला सनद मिळाली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली : ‘कागद हातात आला की कलम मागनं बघ. आधी वेळेचा रकाना बघ.’ तुम्हीही तेच केलंत.

आता हिशोब करू. गुरुवार रात्री साडेदहा ते शनिवार दुपारी एक, म्हणजे साडेअडतीस तास. कागदावर मात्र शुक्रवार 6.40 ते शनिवार एक, म्हणजे अठरा तास आणि वीस मिनिटं. राज्यघटनेचं कलम 22(2) सांगतं की अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 मध्ये आहे. (1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या, जागी ही संहिता आली. पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की ते याच संहितेचं. ठाण्यात अजून जुनेच आकडे बोलतात, कोर्टातही आम्ही बोलता बोलता चुकतो.) या 24 तासांतून फक्त अटकेच्या जागेपासून कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वजा होतो. साहेब बंदोबस्ताला गेले, रविवार आला, सण आला, यातलं काहीच वजा होत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी, म्हणजे कोठडी द्यायची की नाही ते ठरवायला, एक न्यायदंडाधिकारी नेमलेले असतात. म्हणून तर कागदावर अठरा तास दाखवायचे.

‘चौकशीला नेलंय’ हा शब्द कायद्याच्या कुठल्याही पानावर नाही. कायद्याला तीनच गोष्टी ठाऊक आहेत. माणूस साक्षीदार असेल तर त्याला कलम 179 ची लेखी नोटीस द्यायची. आरोपी असेल पण अटकेची गरज नसेल तर कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. आणि तिसरी सरळ अटक. साध्या कपड्यात, कागदाशिवाय, जेवणावरून उठवून नेलं तर ते यातल्या कशात बसतं? कस्टम्सच्या एका जुन्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ओळखायची खूण सांगून ठेवलीय : माणसाला आपल्या मर्जीने उठून जाता येत नाही, तिथून अटक सुरू. अधिकारी वहीत कुठली वेळ लिहितो, त्याने हे ठरत नाही. तुमचा भाऊ रात्री अकराला ‘मी निघतो आता’ म्हणून ठाण्याच्या पायऱ्या उतरू शकला असता का? नसेल, तर त्याची अटक गुरुवारीच झाली.

पण हे कोर्टाला पटवायचं कशाने? तुमच्या तोंडच्या शब्दावर पटणार नाही, हे आधीच सांगते. सगळी ठाणी कॅमेऱ्याखाली असली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं. आत यायचं दार, बाहेर जायचं दार, लॉकअप, ठाणे अंमलदाराची खोली, सगळं त्यात आलं. चित्रण 18 महिने जपायचं, ते अगदीच जमत नसेल तर किमान एक वर्ष. तेव्हा वकिलांकडून आजच अर्ज द्या की त्या गुरुवार-शुक्रवारचं चित्रण राखून ठेवावं. अर्ज न दिलेल्यांना पुढे ‘कॅमेरा बंद होता’ हे एका ओळीचं उत्तर मिळतं. अर्ज देणाऱ्यांनाही ते मिळतं, पण तेव्हा ते कोर्टासमोर द्यावं लागतं. दुसरा पुरावा भावाच्या मोबाइलचा. गुरुवारी रात्री तो कुठल्या टॉवरखाली होता, ही नोंद मागवा. तिसरा तुमचाच फोन. त्या रात्री तुम्ही कोणाकोणाला लावला? तुम्ही 112 ला लावला असता तर त्याची वेळेसकट नोंद राहिली असती. इतर वाचकांनी हे आत्ताच लक्षात ठेवावं : ठाण्याच्या दारातून परत पाठवलं की तिथेच उभं राहून 112 लावायचा, नाव सांगायचं, ‘अमुक वाजल्यापासून माझा भाऊ आत आहे’ एवढं बोलायचं. भांडायचं नाही.

आता अटक पंचनामा काढा आणि खालच्या सह्या बघा. कलम 36 प्रमाणे त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही लागते. तुम्ही दोन दिवस ठाण्याच्या दारात उभे होतात. तुमची सही का घेतली नाही? आमच्याकडे एका टपरीवाल्याची सही मी इतक्या अटक पंचनाम्यांवर पाहिलीय की त्याचं अक्षर मला माझ्या अक्षरासारखं ओळखू येतं. एकदा उलटतपासात मी त्याला विचारलं, ‘तुम्ही आरोपीला ओळखता?’ तो म्हणाला, ‘नाही ताई, चहा द्यायला गेलतो.’

आणखी एक कागद बघा. अटकेची कारणं लेखी दिली होती का? ‘तुझ्यावर चोरीचं कलम लागलंय’ हे कारण होत नाही. कुठल्या विहिरीवरची मोटार, कधी गेली, तुझं नाव कुठून आलं, हे लिहून द्यायला हवं, आणि ते त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 ला हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. ते प्रकरणही आपल्याकडचंच, वरळीच्या मोटार अपघाताचं. लगेच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडला उभं करायच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाही पडला तर अटक आणि त्यावरची रिमांड दोन्ही बेकायदा. तुमच्या भावाची अटक या तारखेनंतरची असेल तर वकिलांना हा मुद्दा घ्यायला सांगा.

मुळात अटक हवी होती का, हाही प्रश्न आहेच. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत आधी नोटीस, आणि अटक केलीच तर ती का लागली याची कारणं लिहून न्यायाधीशांना दाखवायची, हे 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. दंडाधिकाऱ्यांनीही ती कारणं वाचूनच कोठडी द्यायची आहे. शनिवारी दुपारी बोर्ड, म्हणजे कोर्टाची दिवसभराच्या कामांची यादी, संपत आला असताना किती वाचली जातात, यावर मी इथे लिहीत नाही. उद्या मला त्याच कोर्टात उभं राहायचंय.

कोऱ्या कागदांवरच्या सह्यांनी फार घाबरून जाऊ नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. फक्त ‘मोटार अमुक ठिकाणी टाकलीय, चला दाखवतो’ असा निवेदन पंचनामा करून खरंच वस्तू निघाली, तर तेवढा भाग चालतो. कोरे कागद याच कामी येतात. म्हणून ‘दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या’ हे भावाच्या नावाने कोर्टात आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या, पोच घ्या. उशीर झालाय, पण दोषारोपपत्र यायच्या आधी दिलं तर त्याला किंमत राहते.

आता जरा कडू. रिमांडच्या वेळी न्यायाधीशांनी भावाला विचारलं असणार, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आणि तो ‘नाही साहेब’ म्हणाला असणार. रिमांडच्या आदेशात तशी एक ओळ असते, काढून बघा. हा प्रश्न विचारण्याची सक्ती कुठून आली माहीत आहे? 1982 मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमध्ये मार खाल्ल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि 1983 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की समोर आलेल्या प्रत्येक आरोपीला दंडाधिकाऱ्यांनी हे विचारलंच पाहिजे. प्रश्न चांगलाच आहे. पण मी रोज बघते, तो विचारला जातो तेव्हा आरोपीच्या डाव्या मनगटाला ज्याने रात्रभर बसवून ठेवलं त्याच हवालदाराचा हात असतो. पोरगं आधी त्या हाताकडे बघतं, मग वर बघतं. अशा वेळी वकिलाने पुढे होऊन ‘साहेब, याला दोन मिनिटं बाजूला घेऊन विचारावं’ एवढं म्हणायचं असतं. मी म्हणते. दर वेळी ऐकलं जात नाही.

अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी कलम 53 खाली सक्तीची आहे आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळायची असते. ग्रामीण रुग्णालयातून ती मागून घ्या. तिच्यावरही एक वेळ असते.

यातून मोटारींची केस संपेल का? नाही. अटक बेकायदा ठरली तरी गुन्ह्याचा तपास चालूच राहतो, हे तुम्हाला कुणी उलटं सांगितलं तर त्याला फी देऊ नका. पण त्या रात्रीबद्दल राज्य मानवी हक्क आयोगाकडे किंवा पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे स्वतंत्र दाद मागता येते. माणूस आत असतानाच कळलं तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे ‘माणसाला कोर्टापुढे हजर करा’ असा अर्जही करता येतो. वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि फोन 15100.

प्रश्न : माझ्या जावेने दीर, सासूबाई (वय 67) आणि माझ्यावर छळाची तक्रार दिलीय. संध्याकाळी साडेसातला मला व्हॉट्सॲपवर नोटीस आली. मग फोन : ‘दोघी आत्ता या, नाहीतर गाडी पाठवतो.’ आम्ही गेलो नाही, दार लावून बसलो. चूक केली का?
(एक भगिनी, नाशिक जिल्हा)

उत्तर : रात्री गेला नाहीत ते ठीक. पण दार लावून बसणं हा उपाय नाही.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने तसा लेखी अहवाल करून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. 2018 मध्ये सीबीआयने एका महिलेला सूर्यास्तानंतर अटक केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवून 50,000 रुपये द्यायला लावले. सीबीआयला जे जमलं नाही ते तुमच्या ठाण्याच्या गाडीलाही जमणार नाही.

व्हॉट्सॲपवरची नोटीस ही 35(3) ची नोटीस होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय. तरी माझं ऐका, त्यावर ताठरपणा करू नका. उद्या सकाळी अकराला, वकील किंवा माहेरचं कुणी जाणतं माणूस बरोबर घेऊन दोघी जा. ‘नोटीस हातात द्या’ म्हणा, ती घ्या, जबाब द्या आणि हजर राहिल्याची पोच तारीख-वेळेसकट मागा. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला पुढे अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. ती लिहायचा कंटाळा, हे तुमचं मोठं संरक्षण आहे. जबाब घेताना वकील सगळा वेळ शेजारी बसू शकत नाही. अटक झालेल्यालाही चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ जवळ ठेवता येत नाही.

सासूबाईंबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेल की साठीपुढच्यांना अटकच नाही. तसं नाही. साठीपुढच्या माणसाला अटक करायला उपअधीक्षकांची परवानगी लागते हे खरं, पण ते ‘तीन वर्षांपेक्षा कमी’ शिक्षेच्या गुन्ह्यांत. तुमच्या कलमाला ‘तीन वर्षांपर्यंत’ शिक्षा आहे. एका शब्दाने मेख मारलीय. तसंच साठीपुढची माणसं आणि बायका यांना घराबाहेर बोलवायचं नाही, ही सवलत साक्षीदारांसाठी आहे, आरोपींसाठी नाही. पण गुडघे दुखतात, चालवत नाही, असं लेखी दिलं तर महिला अंमलदार घरी येऊन जबाब घेतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. अटकपूर्व जामिनासाठी (आता कलम 482) सत्र न्यायालयात अर्ज करायचा की नाही, ते वकील कागद बघून सांगतील.

जावेच्या तक्रारीत खरं किती, खोटं किती, हे मी विचारलेलं नाही. तिच्याही पत्राला मी याच सदरात उत्तर दिलं असतं.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतल्या माणसाने ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असं सांगून चार तास बसवलं. पैसे दिले नाहीत, पण त्याने खरंच कायदेशीर कारवाई केली तर?
(एक ज्येष्ठ नागरिक, पुणे)

उत्तर : काका, कलम 43 प्रमाणे अटक करताना माणसाच्या अंगाला हात लावावा लागतो, नाहीतर त्याला अडवून ठेवावं लागतं, किंवा त्याने आपणहून स्वाधीन व्हावं लागतं. पुण्यातल्या हॉलमध्ये बसलेल्या तुमच्या अंगाला फोनमधून हात लावणारा पोलीस अजून भरती व्हायचाय. डिजिटल अरेस्ट नावाची अटक कुठल्याच कायद्यात नाही. तुम्ही स्वाधीन झालात ते एका चोराच्या. 1930 वर तक्रार नोंदवा. पैसे गेले नसले तरी तो नंबर नोंदला जाऊ द्या. आणि काकूंना सांगा. चार तास तुम्ही त्यांना खोलीत येऊ दिलं नसणार, लाज वाटून आजही सांगितलं नसेल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. परीक्षेच्या मागण्यांसाठीच्या आंदोलनात आम्हाला ‘151 खाली’ उचललं, रात्री सोडलं. उद्या नोकरीच्या पडताळणीत हे आड येईल का? फॉर्ममध्ये लिहायचं का?
(एक विद्यार्थी)

उत्तर : आता ते कलम 170 झालंय. ही प्रतिबंधक अटक, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून केलेली. तीही 24 तासांपुरतीच, पुढे ठेवायचं तर दुसरा कायदेशीर आधार लागतो. ती शिक्षा नव्हे, आणि तेवढ्यावरून तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असंही होत नाही. पण ठाण्यात जाऊन एकदा खात्री करा. गर्दीत एखादा गुन्हा दाखल होतो आणि वीस नावांत आपलं नाव असतं, हे वर्षभराने कळतं. गुन्ह्याची प्रत ऑनलाइनही बघता येते. शिवाय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची ‘चॅप्टर केस’ लावलीय का तेही विचारा. ती शहरात सहायक पोलीस आयुक्तांपुढे आणि तालुक्याला तहसीलदारांपुढे चालते. तारीख चुकवू नका.

नोकरी या अटकेने सहसा जात नाही, लपवल्याने जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात याचे नियम घालून दिले : क्षुल्लक बाब असेल तर मालक ती सोडून देऊ शकतो, पण माहिती खरी दिली पाहिजे. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीच्या फॉर्ममध्ये, ‘कधी अटक झाली होती का’, ‘गुन्हा दाखल आहे का’, ‘शिक्षा झाली आहे का’ असे वेगवेगळे रकाने असतात. घाईत तिन्हींत ‘नाही’ लिहू नका आणि घाबरून तिन्हींत ‘होय’ही लिहू नका. पहिल्यात ‘होय’ लिहा. पुढे तारीख, कलम, ठाण्यात नेल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ लिहा. रकान्यात मावत नसेल तर वेगळा कागद जोडा आणि त्याची झेरॉक्स आपल्याकडे ठेवा.